मयताची आई, हजर

९ नोव्हेंबर २०१४

धाकट्या,

परवा फोन कट झाला नव्हता, मीच ठेवला. तू ओरडायला लागलास की शेजारीण खिडकीतून डोकावते. तिला वाटतं माझ्या घरात कोणाचं तरी भांडण चाललंय. म्हणून यापुढे जे काय सांगायचं ते पत्रातून. कागदावर तू कितीही घसा फोड, मला ऐकू येणार नाही.

तर चार वर्षं. निकाल वाचला तेव्हा मला कळलाच नाही, कारण न्यायाधीश हळू बोलतात आणि त्यांच्या डोक्यावरचा पंखा त्यांच्यापेक्षा मोठ्याने बोलतो. बाहेर आल्यावर वकीलबाईंनी समजावलं. गोदामात कामावर दोघांची बाचाबाची झाली, आरोपीने मयताला ढकललं, मयत माल चढवायच्या ओट्यावरून खाली वजनकाट्याच्या लोखंडी कडेवर पडला आणि दवाखान्यात वारला. जीव घ्यायचा इरादा नव्हता, म्हणून चार वर्षं. मयत म्हणजे माझं पोर, आपला भुंगा. खटला चालू झाल्यापासून हा शब्द ऐकतेय, तरी दर वेळी वाटतं हे दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतायत.

तो पोरगा शेवटपर्यंत एकच सांगत राहिला, मी हात लावला नाही, तो आपला आपण घसरला. मी त्याच्याकडे टक लावून बघत होते. त्याने एकदाही वर बघितलं नाही.

हे असते तर तुझ्याएवढेच ओरडले असते आणि मग चार दिवस कोणाशी बोलले नसते. तू निदान बोलतोस. सोमवारपासून दवाखान्यात परत कामावर जाणार आहे. केसपेपरच्या खिडकीवर माझ्या जागी बसवलेल्या मुलीने म्हणे रांगेतल्या लोकांना रडवलंय. जेवत जा वेळेवर.

तुझी ताई

१७ नोव्हेंबर २०१४

ताई,

हे पत्र मोठ्याने वाच, म्हणजे मी जसा बोलतोय तसं ऐकू येईल.

चार वर्षं! आमच्या पाण्याच्या केंद्रावर एकाने मोटारींमधली तांब्याची तार चोरली, त्याला तीन झाली. म्हणजे आपल्या पोराचा जीव तारेच्या भेंडोळ्यापेक्षा एका वर्षाने महाग. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलीय आणि तू मला जेवणाचं सांगतेस.

मी इथल्या वकिलाला गाठलं. शिक्षा कमी वाटली तर वरच्या कोर्टात वाढवून मागता येते. तुझ्या वकीलबाईंशी मी बोलून घेतो. तू सही करायची आणि बोलावतील तेव्हा हजर राहायचं. मला रजेचं माहीत आहे तुला. मी एक पाळी चुकवली तर अर्ध्या गावाचे नळ कोरडे राहतात. नाहीतर मीच येऊन बसलो असतो त्यांच्या छाताडावर.

दहा वर्षं तरी झाली पाहिजेत. त्याच्या आत मी गप्प बसणार नाही, आणि तुलाही बसू देणार नाही.

धाकटा

२२ मार्च २०१५

हट्टी माणसा,

केली सही. आता ऐक.

वरचं कोर्ट तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे, पण ती न्यायाधीशांची. आपण जिने चढायचे. वर एक लांब व्हरांडा, भिंतीला बाक, कोपऱ्यात पाण्याचं मशीन. त्यातून पाणी सोडून सगळे आवाज येतात. दाराशी शिपाई उभा राहून पुकारा करतो, म्हणजे ज्याची केस असेल त्याच्या नावाने ओरडतो. पुकारा ऐकू आला नाही की गेलं सगळं. म्हणून सगळे कान टवकारून बसलेले.

त्या पोराच्या बापानेही अपील केलंय. माझा मुलगा निर्दोष आहे, त्याला सोडा, म्हणून. दोन्ही अपिलं एकत्र चालणार आहेत. एकाच शिक्षेला आपण एका बाजूने ओढायचं आणि त्यांनी दुसऱ्या बाजूने.

आता गंमत सांगते. मी बाकाच्या एका टोकाला बसले होते, दुसऱ्या टोकाला एक वयस्कर गृहस्थ, मध्ये एक जाडजूड बाई. ती उठली मात्र, बाक गृहस्थांच्या बाजूने खाली गेला आणि मी घसरत थेट त्यांच्या शेजारी. पाय मोडका होता. दोघांनी मध्ये सरकून बसलं तरच तो सरळ राहतो. म्हणून बसलो तसे. ते म्हणाले, "पडला असतात, बाई." मी म्हटलं, "तुम्हीही." मग पुकारा झाला आणि दोघं एकदम उठलो. तेव्हा कळलं की हा तोच बाप.

सरकारी वकील आले नव्हते. पुढची तारीख पडली. चार मिनिटं लागली असतील.

ताई

३० मार्च २०१५

ताई,

दुसरा बाक शोध. नसेल तर उभी राहा.

ही माणसं अशीच जवळ येतात. आधी 'पडला असतात', मग 'माझा एकुलता एक आहे हो', आणि शेवटी 'सही करून टाका'. तू भोळी आहेस. दवाखान्यात समोर कोणी कण्हलं की रांग मोडून आधी त्याचा पेपर काढतेस, मी पाहिलंय. इथे तसं करायचं नाही. त्याच्याशी एक अक्षरही बोलू नकोस.

धाकटा

१० ऑगस्ट २०१६

धाकट्या,

एवढ्या महिन्यांत पत्र नाही म्हणून फोनवर रुसलास. लिहायला काही असावं लागतं. जाते, बसते, तारीख घेऊन येते. सरकारी वकील बदलले. मग न्यायाधीश रजेवर. मग आमच्या वकीलबाईंना दुसऱ्या कोर्टात जायचं होतं. परवा त्यांना ताप होता. जिने मात्र तेवढेच असतात.

तू सांगितलंस तसं मी त्यांच्याशी बोलले नाही. दोन तारखा. तिसऱ्या तारखेला माझ्या चष्म्याची काडी निखळली, स्क्रू कुठेतरी बाकाखाली गेला. ते गृहस्थ गुडघ्यांवर बसले, स्क्रू शोधला, खिशातून बारीक पेचकस काढला आणि काडी बसवून दिली. चष्म्याचं दुकान आहे त्यांचं. मी काय करायला हवं होतं, आंधळी बसायला हवं होतं? तेव्हापासून मी त्यांना चष्मेवाले म्हणते. ते मला बाई म्हणतात.

आता आमची एक व्यवस्था आहे. एकाने दाराशी कान देऊन बसायचं, दुसऱ्याने डबा खाऊन घ्यायचा. पुकारा झाला तर खाणाऱ्याला हाक मारायची. मग अदलाबदल. खाताना मी केसबद्दल बोलत नाही, तेही बोलत नाहीत. ते चष्म्यांबद्दल बोलतात. मी तुझ्याबद्दल बोलते. तुझ्याबद्दल बोलण्यासारखं पुष्कळ असतं.

शिपायाला आमची लांबलचक नावं घ्यायचा कंटाळा आला असावा. गेल्या वर्षापासून तो स्वतःच्याच पद्धतीने ओरडतो. "आरोपीचे वडील, हजर?" चष्मेवाले हात वर करतात. "मयताची आई, हजर?" मी म्हणते, हजर.

रागावशील. रागाव.

ताई

२१ ऑगस्ट २०१६

ताई,

रागावलो. ते झालं.

आता डोकं शांत ठेवून लिहितो. हिशोब सरळ आहे. पोरगा आत आहे, जामीन मिळाला नाही. शिक्षा चार वर्षांची, त्यात चांगल्या वागणुकीची सूट मिळते. म्हणजे तो पुढच्या वर्षी बाहेर. तोपर्यंत अपील लोंबकळत राहिलं तर फायदा कोणाचा? तुझ्या चष्मेवाल्याचा. एकदा पोरगा बाहेर येऊन कामाधंद्याला लागला की कुठल्या न्यायाधीशाचं मन होईल त्याला परत आत टाकायला? म्हणून तारखा पडतायत. तो गोड बोलून तुला डबा खायला पाठवतो आणि मागे त्याचा वकील तारीख घेऊन मोकळा होतो. मला तर वाटतं वकीलबाईही त्यांना सामील आहेत.

पुढच्या तारखेला उभी राहा आणि न्यायाधीशांना सांग, आमचं ऐकून घ्या. तोंड आहे ना तुला? दवाखान्यात तर चांगलं चालतं.

धाकटा

१५ ऑक्टोबर २०१७

धाकट्या,

तू म्हणालास तसंच झालं. पोरगा सुटला.

काल तारखेला बापाबरोबर आला होता. व्हरांड्याच्या टोकाला खिडकीशी उभा राहिला, बाकावर बसला नाही. अंगात बापाचा शर्ट, बाह्या मनगटाच्या वरपर्यंत. भुंग्यापेक्षा एक वर्षाने लहान होता, आता मोठा दिसतो. दुकानात काचा घासायला बसतो म्हणे. मी त्याच्याकडे बघत होते आणि मनात एकच, की हा जेवला असेल आज. पाणी प्यायला असेल. एवढंच. त्याचा मला इतका राग आला की डबा उघडवला नाही.

चष्मेवाले थकलेत. प्रत्येक मजल्यावर थांबतात, भिंतीला हात लावून खोकतात. काल मला म्हणाले, "बाई, पोरगा सुटला हे खरं, पण शिक्का गेला नाही. माझ्या पोराने ढकललं नाही, एवढं एकदा कोर्टाच्या तोंडून ऐकायचंय. मग माझी काही तक्रार नाही." त्यांचा त्यावर पुरता विश्वास आहे. पोराने सांगितलं, बापाने ऐकलं, झालं.

 मला काय ऐकायचंय ते त्यांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

काल काय झालं म्हणशील तर, वेळ संपली. पुढची तारीख.

ताई

११ फेब्रुवारी २०१८

ताई,

मी परवा तुझ्या गावात येऊन गेलो. तुझ्याकडे आलो नाही.

रजा मिळाली तसा सरळ वकीलबाईंच्या ऑफिसात गेलो. त्यांना फैलावर घ्यायचं ठरवूनच गेलो होतो. म्हटलं, तुम्हाला काम होत नसेल तर सोडा, समोरची पार्टी तारखांवर तारखा घेतेय आणि तुम्ही बघत बसता. बाईंनी मला पाणी दिलं. म्हणाल्या, "समोरच्यांनी आजवर एकदाच तारीख मागितली. ते बिचारे दर वेळी तयार असतात. तारखा तुमच्या ताई मागतात. आधी एकदा त्यांना बरं नव्हतं, मी समजू शकले. मग दर वेळी. मी कारण विचारणं सोडून दिलं."

 परतीच्या गाडीत बसलो तरी डोकं चालेना.

तुला मी काय वाटेल ते बोललो, पण तू माझ्याशी खोटं बोलशील असं मला वाटलं नव्हतं. ताप वकीलबाईंना नव्हता. वेळ संपली नव्हती. तुला तो म्हातारा एवढा आपला झाला? त्याचं पोरगं सुटावं म्हणून तू आपल्या पोराची केस कुजवलीस?

वकीलबाईंनी एक गोष्ट सांगितली ती तुलाही माहीत असेल. पोरगा सुटला म्हणून आपलं अपील मेलेलं नाही. शिक्षा वाढली तर तो उरलेली वर्षं भोगायला परत आत जाईल. अजून वेळ गेलेली नाही. आता मला खरं सांग.

धाकटा

४ मार्च २०१८

धाकट्या,

तू गावात येऊन माझ्या दारावरून निघून गेलास, हे मी दोनदा वाचलं. बाकीचं मी वाचायला तयार होते. हे नव्हते.

खरं सांगते. त्यांच्या पोरासाठी नाही. त्याचं काय व्हायचं ते होवो, मला त्याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं.

हे बघ, घरी मी कोण आहे? पलंग, ओटा आणि मी. दवाखान्यात मी खिडकीवरची बाई. गल्लीत लोक मला बघितलं की रस्ता बदलतात, काय बोलावं कळत नाही म्हणून, वाईट मनाने नाही. तूसुद्धा फोनवर वकिलाबद्दल विचारतोस, माझ्या पायांबद्दल विचारतोस. सगळ्या जगात एकच जागा अशी आहे जिथे अजून मला कोणाची तरी आई म्हणून हाक मारतात. शिपाई ओरडतो, मयताची आई, हजर? आणि मी हजर असते. केस संपली की तो कशाला ओरडेल? म्हणून पहिल्यांदा ताप आला तेव्हा तारीख मागितली, आणि घरी येताना मला बरं वाटलं. आता दोन महिने तरी आहे, असं वाटलं. मग सोडवेना. निकाल आपल्या बाजूने लागला असता तरी मला तो नको होता. तुला हे वेडेपणाचं वाटेल. असेल.

आता दुसरं. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी चष्मेवाल्यांच्या दुकानावरून गेले. शटर खाली होतं. शेजारच्या दुकानदाराने सांगितलं, आठवडा झाला. छातीत कफ झाला होता, दवाखान्यात न्यायला उशीर झाला.

ते दर तारखेला तयार होऊन यायचे. इस्त्रीचा शर्ट, कागदांची पिशवी, आज ऐकतील या आशेने. आणि मी त्यांच्या शेजारी डबा खाऊन, मागून वकीलबाईंना खूण करायचे. त्यांना एक वाक्य ऐकायचं होतं. ते ऐकायची त्यांची संधी मी खाल्ली. तुझ्याशी खोटं बोलले त्याचं तू बघ, तू माझा भाऊ आहेस, मला मारशील आणि परत बोलशील. त्यांचं मी काय करू?

मी फार थकलेय रे.

ताई

२ एप्रिल २०१८

ताई,

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय. 

दारावरून गेलो ते चुकलं. राग होता, तुझ्यासमोर आलो असतो तर भलतंच बोललो असतो.

तो माणूस गेला, वाईट झालं. पण ताई, आपला पोरगा आधी गेला. तो काही आपला आपण घसरला नव्हता. चार वर्षांतली थोडी सूट घेऊन तो दुसरा काचा घासत बसलाय, हे माझ्या घशाखाली उतरत नाही. उतरणार नाही. शिक्षा वाढून तो परत आत गेला तर मला बरं वाटेल. खोटं कशाला बोलू.

पण ते तुझ्याकडून जबरदस्तीने करून घेणार कोण? मी तर लांबून ओरडण्यापलीकडे काही करत नाही. म्हणून एवढंच सांगतो. पुढच्या तारखेला तारीख मागू नकोस. काय व्हायचं ते होऊ दे. वाढव, नाहीतर सोड, पण संपव. तू अशी त्या बाकावर म्हातारी झालेली मला बघवणार नाही.

धाकटा

१९ सप्टेंबर २०१८

धाकट्या,

संपलं. सगळं सांगते, मध्ये ओरडू नकोस.

बाकावर एकटी बसता येईना, तो एका बाजूला जातो, म्हणून मी उभीच होते. पोरगा खिडकीशी उभा. कागदांची ती पिशवी आता त्याच्या हातात. त्याच्याजवळ वकील कोणी दिसला नाही. तिथे मला कळत होतं की आज माझ्या एका शब्दावर हा घरी जाणार किंवा आत. तू म्हणालास जाऊ दे आत. मीही सकाळी बसमध्ये तेच ठरवून निघाले होते.

पुकारा झाला, आत गेलो. न्यायाधीश या वेळी नवीन, बाई होत्या, मोठ्याने बोलणाऱ्या. आमच्या वकीलबाई सवयीने उठल्या आणि म्हणाल्या, "पुढची तारीख मिळावी." मी त्यांचा काळा कोट मागून ओढला. सगळं कोर्ट हसलं. मी म्हटलं, तारीख नको. मला अपील मागे घ्यायचंय.

वकीलबाई कानात म्हणाल्या, "तुमचे भाऊ काय म्हणतील?" मी म्हटलं, भाऊ ओरडेल, मला सवय आहे.

का घेतलं, ते सांगते. मला त्याची दया आली नाही. मी त्याला माफही केलं नाही, पुढे कधी करेन असंही वाटत नाही. पण दारातून आत जाताना तो माझ्यासाठी बाजूला झाला, तेव्हा त्याच्या बोटांवर काचेच्या भुकटीचे पांढरे डाग दिसले, बापाच्या बोटांवर असायचे तसेच. मनात आलं, हा आत गेला तर ते दुकान पण बंद. त्याची आणखी सहा वर्षं घेऊन मी करू काय? ती भुंग्याला थोडीच देता येणार आहेत.

मग न्यायाधीशबाई त्याला म्हणाल्या, "यांचं अपील गेलं. तुमचं अजून आहे. तुमचे वकील कुठे आहेत?" तो म्हणाला, "ते बाबा बघायचे." त्या म्हणाल्या, "ठीक आहे, नवीन वकील करायला वेळ देते, पुढची तारीख घ्या."

तो म्हणाला, "नको. मलाही मागे घ्यायचंय. मी ढकललं होतं."

न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "तसं काही बोलायची गरज नाही. मागे घ्यायचं की नाही, एवढंच सांगा." तो म्हणाला, "मागे घ्यायचं. पण ढकललं होतं." त्यांनी पहिलं तेवढं लिहून घेतलं. दुसरं कुठल्याच कागदावर आलं नाही. मी मात्र ऐकलं.

बाहेर मला पायऱ्यांवर बसावं लागलं. तो दोन पायऱ्या खाली उभा राहिला. म्हणाला, "काकू, ओटा कोणी झाडायचा यावरून झालं. माझी पाळी होती. त्याने झाडू माझ्या हातात दिला, मी त्याला ढकललं. एवढंच. वकील म्हणाले बोलू नकोस. मग बाबांना तेच खरं वाटायला लागलं. ते दर तारखेला शर्टाला इस्त्री करायचे. त्यांच्यासमोर कसं बोलणार होतो?" मग रडायला लागला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही. पण उठूनही गेले नाही. त्याचं रडणं संपेपर्यंत बसले, मग म्हटलं, जा, दुकान उघड.

सहा महिने मी स्वतःला खात होते, की माझ्यामुळे चष्मेवाले त्यांचं ते वाक्य न ऐकता गेले. आता वाटतं, माझ्यामुळे ते हे वाक्य न ऐकता गेले. यातलं कोणतं खरं, आणि मी त्यांचं वाईट केलं की बरं, मला कळत नाही. तुला कळलं तर सांग.

ओटा झाडण्यावरून, धाकट्या. झाडूवरून गेला आपला पोरगा.

एक विचारू? इतक्या वर्षांत तुझी एवढी पत्रं आली. कलम, वकील, तारीख, शिक्षा. भुंग्याबद्दल तू एक ओळ लिहिली नाहीस. मीही नाही. दोघांनी मिळून कोर्टात जे सांगायचं तेवढंच बोललो. आता कोर्ट नाही. मला त्याच्याबद्दल बोलायचंय रे, आणि तुझ्याशिवाय त्याला ओळखणारं कोणी उरलेलं नाही.

ताई

३० सप्टेंबर २०१८

ताई,

तू केलंस ते मला पटलं नाही. पण मी ओरडत नाहीये.

तो सात वर्षांचा असेल, सुट्टीत माझ्याकडे आला होता. त्या दिवशी केंद्रावरची मोठी टाकी धुवायला रिकामी केली होती. मी त्याला कडेवर घेऊन वर चढलो, झाकण उघडलं आणि म्हटलं, आत बोलून बघ. तो ओरडला, "मामा, मी बुडालो!" आत थेंब पाणी नाही, आणि त्याचाच आवाज गरगर फिरून परत आला. इतका हसला की माझ्या हातातून सुटला असता. मग त्याला येत होत्या तेवढ्या सगळ्या शिव्या त्याने टाकीत दिल्या. एकेक फिरून वर येत होती. साहेब धावत आले, कोण शिव्या देतंय. हा म्हणाला, "मी नाही, तुमची टाकी." साहेबांनाही हसू आवरेना. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं, कारण शिव्या त्याला मीच शिकवल्या होत्या.

टाकी अजूनही अधूनमधून धुवायला रिकामी करतात. परत पाणी सोडायच्या आधी कोणीतरी वर जाऊन आत हाक मारायची असते, माणूस आत राहिला नाही ना ते बघायला. तो गेल्यापासून मी वर जात नाही. गुडघे दुखतात सांगतो आणि दुसऱ्याला पाठवतो.

काल गेलो. झाकण उघडलं, वाकलो. "कोणी आहे का," असं विचारायचं असतं. माझ्या तोंडून त्याचं नाव गेलं. ते फिरलं आणि परत आलं. मी आणखी एकदा हाक मारली. खालची माणसं पाणी सोडायला थांबली होती, त्यांना थांबू दिलं.

खूप रडलो, ताई. शनिवारी सकाळच्या गाडीने येतो. थेट तुझ्याकडेच.

धाकटा